भूमिगत वाहिन्या आणि खोदकामाचा चालू व्यवसाय विकत घेताना नेमके काय हाती येते?

चरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेली १४ वर्षे मी पाणी, सांडपाणी आणि केबल यांच्या वाहिन्या जमिनीखाली टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे साइट इंजिनियर म्हणून काम करत आहे. मालक आता निवृत्तीच्या विचारात आहेत, त्यांच्या घरात पुढे चालवणारे कोणी नाही, आणि बाहेरच्या कोणाशी बोलण्याआधी त्यांनी मला विचारले, याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच वेळी धास्तीही वाटते. चर मला कळतो. कोणत्या मातीत कडेला किती उतार द्यायचा, उपसा पंप कुठे लावायचा, पाइपाखाली बेडिंग (वाळू-खडीचा आधारथर) किती घालायचे, हे मला कोणाला विचारावे लागत नाही. ताळेबंद मात्र मी आजवर दुरूनच पाहिला आहे.

४ पोकलेन, २ बॅकहो लोडर, आडव्या ड्रिलिंगचे (एचडीडी, म्हणजे चर न खोदता जमिनीखालून आडवे भोक पाडून वाहिनी ओढणारे) १ मध्यम यंत्र, ६ टिपर, सुमारे ४० माणसे आणि सध्या हातात असलेली ९ कामे, असा या व्यवसायाचा पसारा आहे. मागितलेली किंमत गेल्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ४ पट आहे आणि हा नफा व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा धरलेला आहे. यंत्रे त्या किमतीतच आली, असे मालकांचे म्हणणे आहे. हातातल्या कामांची यादी त्यांनी अभिमानाने माझ्यापुढे ठेवली आणि पुढची दीड वर्षे काळजी नाही, असे सांगितले.

ज्यांनी असा व्यवसाय घेतला, विकला किंवा त्याचे हिशेब तपासले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की ही किंमत कशी पारखायची, यंत्रे कशी तपासायची आणि मालक गेल्यावर यातले काय मागे उरेल, हे आधी कसे ओळखायचे.

हिशेबनीस

धागाकर्ते किमतीपासून सुरुवात करत आहेत. मी हातातल्या कामांपासून करतो, कारण या व्यवसायात नफ्याचा आकडा हा मुळात अंदाज असतो आणि तो अंदाज त्या ९ कामांच्या पोटात आहे. दुकानदाराचा नफा माल विकला की कळतो. ठेकेदाराचा नफा काम पुरे होऊन शेवटचे बिल पदरात पडेपर्यंत पक्का होत नाही, आणि तोवर वहीत जो दिसतो तो 'या कामाला एकूण किती खर्च येईल' या मालकांच्या अटकळीवर उभा असतो.

उदाहरण घेऊ. एक ठेका १०० चा आहे, एकूण खर्चाचा अंदाज ८० आहे आणि आजवर ४० खर्च झाले आहेत. म्हणजे काम निम्मे झाले असे धरून वहीत उत्पन्न ५० आणि नफा १० दाखवला जातो. आता समजा, उरलेल्या लांबीत कठीण खडक आहे आणि खरा खर्च ९५ होणार आहे. मग ४० भागिले ९५ म्हणजे काम ४२ टक्केच झाले, उत्पन्न ४२ आणि नफा जेमतेम २. खर्च १०५ होणार असेल, तर ५ चा संपूर्ण तोटा आजच दाखवला पाहिजे. जागेवर एक घमेलेही न हलता १० चा नफा तोट्यात गेला, आणि तुम्ही त्या १० च्या ४ पट पैसे मोजायला निघाला आहात.

दुसरी बाब बिलांची. याच कामावर मालकांनी ६५ चे बिल काढून पैसे उचलले असतील, तर झालेल्या ५० च्या कामापेक्षा १५ जास्त हातात आले आहेत. ती रक्कम बँकेत शिल्लक म्हणून छान दिसते, पण ते न केलेल्या कामाचे ऋण आहे. विक्रेता ती शिल्लक बरोबर घेऊन गेला, तर ते काम तुम्हाला पदरमोड करून पुरे करावे लागेल. याच्या उलट, काम झाले पण बिल काढले गेले नाही असे दिसले, तर तिथे थांबून कारण विचारा. पुष्कळदा ती जादा कामाची रक्कम असते, जी ग्राहकाने अजून मान्यच केलेली नसते.

म्हणून प्रत्येक कामासाठी ठेक्याची किंमत, निविदा भरतानाचा खर्चाचा अंदाज, आजचा अंदाज, झालेला खर्च, काढलेली बिले, आलेले पैसे आणि ग्राहकाने राखून ठेवलेली रक्कम यांचा एकच तक्ता मागा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे असाच तक्ता १२ आणि २४ महिन्यांपूर्वीचाही मागा. त्या वेळी अर्धवट असलेली कामे पुढे किती नफ्यावर संपली, हे ताडून पाहा. सुरुवातीला २० टक्के दाखवलेला नफा काम संपताना दरवेळी १२ वर येत असेल, तर आजच्या ९ कामांचा आकडाही त्याच घसरणीने वाचायचा.

आता किंमत. घसारापूर्व नफ्याची पट हे मोजमाप ज्या व्यवसायांना यंत्रे फारशी लागत नाहीत त्यांच्यासाठी ठीक आहे. खोदकामात घसारा हा कागदावरचा खर्च नव्हे. यंत्र रोज खरोखर झिजते. गेल्या ८ ते १० वर्षांत यंत्रे बदलण्यावर दरवर्षी सरासरी किती पैसे गेले ते काढा, ते नफ्यातून वजा करा आणि मग पट लावा. मालक स्वतः पगार घेतात का, यंत्रे ठेवायच्या यार्डाची जागा त्यांचीच असून भाडे लावलेले नाही का, घरातले कोणी बिनपगारी हिशेब पाहते का, हेही त्याच वेळी दुरुस्त करा, कारण उद्या हे सगळे खर्च तुम्हाला भरावे लागतील.

शेवटी खेळते भांडवल. डिझेल रोज लागते, मजुरी आठवड्याला द्यावी लागते, बिल ६० ते ९० दिवसांनी मिळते आणि त्यातूनही ५ ते १० टक्के रक्कम दोषदायित्वाचा काळ (काम संपल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत अडकून राहते. व्यवसाय हाती येईल त्या दिवशी त्यात किती खेळते भांडवल असले पाहिजे, याचा आकडा करारातच लिहून घ्या. चांगली कामे हातात असूनही पहिल्या ४ महिन्यांत दम तुटलेले खरेदीदार मी पाहिले आहेत.

ग्रीसगन

वरचा प्रतिसाद दोनदा वाचावा असा आहे. मी यंत्रांपुरते बोलतो. ३० वर्षे दुरुस्तीत घालवली आहेत.

तासांच्या मीटरवर एकट्यावर विसंबू नका. मीटर बदललेला असू शकतो. पायाखालचे पेडलचे रबर, सीटची कड आणि हाताच्या दांड्यांची गुळगुळीत झालेली मूठ मात्र बदललेली नसते. मीटर ४,००० तास सांगत असेल आणि पेडलचे लोखंड उघडे पडले असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी मागा.

मग पोकलेन सपाट जागी घ्या, बूम (यंत्राचा लांब हात) पुढे पसरा, बकेटचे दात जमिनीवर टेकवा आणि ऑपरेटरला बूम अगदी सावकाश, केसभर वर-खाली करायला सांगा. तुम्ही यंत्राच्या आवाक्याबाहेर, पण बकेटची पीन दिसेल आणि आवाज ऐकू येईल असे उभे राहा. सांध्याची पीन आणि ती ज्यात बसते तो बुश यांच्यात खेळ असेल तर आधी 'टक्' असा आवाज येतो आणि मग बकेट हलते. तो आवाज बकेटपाशी असेल तर खर्च थोडा. बूमच्या मुळाशी असेल तर बराच. त्यानंतर बकेट टेकवून यंत्राचा पुढचा भाग थोडा उचलायला लावा आणि वरचा डोलारा ज्या स्लू रिंगवर फिरतो तिथे किती फट उघडते ते पाहा. ती रिंग बदलणे म्हणजे डोलारा पूर्ण उचलणे.

साखळी, रोलर आणि स्प्रॉकेट यांवर साखळीच्या यंत्राच्या देखभालीतला फार मोठा वाटा जातो, म्हणून त्यांची झीज नजरेने नव्हे, मापून टक्क्यांत घ्या. इंजिन आणि हायड्रॉलिक या दोन्ही तेलांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. तेलात सिलिकॉन वाढले असेल तर धूळ आत जात आहे, तांबे वाढले असेल तर बुश किंवा बेअरिंग झिजत आहे. ज्या पोकलेनवर खडक फोडायचा ब्रेकर लावला जातो, तिचे तास साध्या खोदाईच्या तासांसारखे मोजू नका. ब्रेकरच्या हादऱ्यांनी बूमच्या वेल्डिंगला तडे जातात आणि ते ताज्या रंगाखाली सहज झाकले जातात. २० टनी पोकलेन १०,००० तासांच्या आसपास असेल, तर मोठ्या दुरुस्तीची रक्कम किमतीतून आधीच वेगळी काढा.

एचडीडी यंत्रात यंत्रापेक्षा रॉड पाहा. रॉडच्या जोडाचे आटे (चुड्या) झिजलेले असतील तर तो जमिनीखाली, वाहिनी ओढण्याच्या ऐन भरात तुटतो, आणि मग रीमरसह (भोक रुंद करणारे अवजार) सगळे आत राहते.

मुरूम

एक शंका विचारतो. इतकी जोखीम असताना धागाकर्त्यांनी २ जुनी यंत्रे घेऊन स्वतःचेच काम का सुरू करू नये? १४ वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहेच.

जुना_मुकादम

मुरूम, प्रश्न योग्य आहे, पण यंत्रे ही या व्यवसायातली सर्वांत सहज मिळणारी वस्तू आहे. पैसे असतील तर आठवड्यात मिळतात. एकमेकांचे हातवारे समजणारी ५ जणांची पाइपाची टोळी तयार व्हायला ३ वर्षे लागतात, आणि मोठी कामे भरायला लागणारा पूर्ण केलेल्या कामांचा दाखला त्याहून जास्त काळ घेतो. मी स्वतः असा चालू व्यवसाय भागीदारीत घेतला होता, म्हणून अनुभवाने लिहितो.

आमची चूक अशी झाली की आम्ही सर्व काही मोजले, फक्त निविदेचा दर कोण ठरवते हे विचारले नाही. दर जुने मालकच भरत. कोणत्या भागात किती खोलीवर खडक लागतो, कुठे भरावाची माती आहे, कुठे बारमाही पाणी येते, हे त्यांच्या डोक्यात होते. मोकळी झालेली साधी माती २० ते ३० टक्के फुगते आणि फोडलेला खडक ५० टक्क्यांहूनही जास्त फुगू शकतो, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. पण कोणत्या कामात कोणता आकडा धरायचा हे त्यांनाच माहीत होते. ते गेल्यावर पहिल्या वर्षी आम्ही ७ कामे मिळवली आणि खूश झालो. नंतर कळले की त्यांतल्या ४ कामांत आमची निविदा दुसऱ्या क्रमांकाच्या निविदेपेक्षा फारच खाली होती. त्या ४ कामांनी आमची २ वर्षे खाल्ली.

म्हणून गेल्या ३ वर्षांत भरलेली प्रत्येक निविदा मागवा, मिळालेली आणि न मिळालेलीही. दर कोणी काढला आणि दुसऱ्या क्रमांकापासून अंतर किती होते, हे प्रत्येकीवर लिहून काढा. दर काढणारी व्यक्ती मालकांखेरीज कोणी नसेल, तर मालकांनी किमान १२ ते १८ महिने तुमच्या शेजारी बसून निविदा भरणे हा किमतीचाच भाग आहे.

आणि सुरक्षितता. एक घनमीटर माती १.६ ते २ टन भरते, म्हणजे एखाद्या मोटारीएवढी, आणि ती कोसळते तेव्हा छातीपर्यंत गाडलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. अनेक देशांच्या नियमांत दीड मीटरच्या आसपास खोली गेली की कडेला उतार, शोअरिंग (कडांना दिलेले टेकू) किंवा ट्रेंच बॉक्स (चरात उतरवायची लोखंडी संरक्षक पेटी) यांपैकी काहीतरी बंधनकारक असते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत ही मर्यादा ५ फूट आहे आणि काढलेली माती काठापासून किमान २ फूट दूर ठेवावी लागते. कागदावर हे सर्वांकडे असते. तुम्ही यार्डात जा आणि ट्रेंच बॉक्स कुठे ठेवला आहे ते पाहा. त्याच्या पायाशी गवत वाढलेले असेल आणि रंग शाबूत असेल, तर तो वापरला जात नाही. बकेटने ठोकून ठोकून त्याच्या वरच्या कडा चेपलेल्या असतील, तर समाधान माना.

आमच्या एका कामावर २.२ मीटरच्या चरात काठाला समांतर अशी बोटभर भेग दिसली. मुकादमाने कोणालाही फोन न करता दोघांना शिडीने वर घेतले आणि त्यानंतर पाऊण तासात तो सगळा काठ आत गेला. त्या मुकादमाला काम थांबवण्याचा अधिकार मालकांना न विचारता होता. तुम्ही घेत असलेल्या संस्थेत तो अधिकार कोणाला आहे, हे मालकांना विचारू नका. चरात उतरणाऱ्या माणसाला विचारा.

करारमदार

मी विधी सल्लागार आहे. वरच्या अनुभवी मंडळींनी मांडलेल्या गोष्टी कागदावर कशा उतरतात एवढेच सांगतो.

पहिला निर्णय असा की कंपनीचे समभाग घ्यायचे की फक्त यंत्रे, करार आणि नाव घ्यायचे. समभाग घेतले तर नोंदणी, कामांचे दाखले आणि चालू ठेके जागच्या जागी राहतात, पण जुनी देणी, जुने कर आणि जुन्या चुकाही तुमच्याच होतात. फक्त मालमत्ता घेतली तर भूतकाळ बहुतांशी मागे राहतो, मात्र चालू ठेके ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय सहसा तुमच्या नावावर होत नाहीत आणि जुना अनुभव निविदेत मोजला जाईलच असे नाही. समभाग घेताना मालकी बदलल्यास ठेका रद्द करण्याची मुभा ग्राहकाला आहे का, हे प्रत्येक करारात वाचा. वार्षिक दरकरारांत (ठरलेल्या दराने वर्षभर लागेल तसे काम देणारे करार) ३० दिवसांच्या सूचनेवर काम थांबवण्याचे कलम अनेकदा असते. अशा करारावर दीड वर्षाचे काम हातात आहे, असे म्हणता येत नाही.

बँक हमी आणि कामपूर्तीची हमी जुन्या मालकांच्या वैयक्तिक मालमत्तेवर उभी असते. ते बाहेर पडले की बँक तुमच्याकडे तीच ताकद मागेल. हे आधी बँकेशी बोलून घ्या. किंमत ठरल्यानंतर नव्हे.

एचडीडीबद्दल एक विशेष इशारा. आडव्या ड्रिलिंगने गॅसची वाहिनी टाकताना ती नकळत एखाद्या सांडपाण्याच्या पाइपाला आरपार भेदून जाऊ शकते. त्या दिवशी काहीच होत नाही. पुढे कित्येक वर्षांनी तो सांडपाण्याचा पाइप तुंबतो, कोणीतरी तो मोकळा करायला फिरते पाते आत घालते आणि गॅसची वाहिनी कापली जाते. म्हणून संस्थेने आजवर गॅसची किती कामे केली, प्रत्येक कामानंतर सांडपाण्याच्या पाइपांत कॅमेरा घालून तपासणी केली का, आणि त्या चित्रफिती कुठे आहेत, हे विचारा. त्या काळातली विमा पॉलिसी घटना घडली त्या तारखेला लागू होते की दावा दाखल झाला त्या तारखेला, हेही तपासा. दुसऱ्या प्रकारची असेल, तर विक्रीनंतरच्या काळासाठी वाढीव संरक्षण विक्रेत्याने घेतले पाहिजे.

हिशेबनीस

करारमदारांच्या पहिल्या मुद्द्याला एक जोड देतो. समभाग घ्यायचेच ठरले, तर सगळी किंमत एकदम देऊ नका. काही भाग त्रयस्थाकडे ठेवून ती ९ कामे संपल्यावर, खऱ्या नफ्यानुसार सोडा. प्रामाणिक विक्रेत्याला आपल्या अंदाजावर विश्वास असतो आणि तो याला सहसा नाही म्हणत नाही.

चरकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ७ आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण तुमच्या प्रत्येक सूचनेवर काहीतरी हाती लागले.

९ कामांपैकी ६ कामांचे अंदाज बरोबर निघाले. २ कामांत नफा दाखवला होता त्याच्या निम्म्यावर आला. एका कामात तोटा आहे, आणि त्या कामावर मीच इंजिनियर असल्यामुळे ते मला आधीच जाणवायला हवे होते. चाचणी खड्डे घेतलेल्या जागा एकमेकांपासून फार दूर होत्या आणि मधल्या लांबीत खडक लागला. १२ आणि २४ महिन्यांपूर्वीचे तक्ते ताडल्यावर मात्र समाधान वाटले, कारण जुनी कामे बहुतेक जिथे दाखवली तिथेच संपली होती. मालक स्वतःला फसवणारे नाहीत.

यंत्रांत एका पोकलेनच्या बूमच्या मुळाशी तो 'टक्' आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि एचडीडीच्या रॉडपैकी तिसरा हिस्सा बदलावा लागेल. ट्रेंच बॉक्सच्या कडा चेपलेल्या आहेत. गॅसची केवळ ३ कामे झाली होती. त्यांतल्या दोन कामांच्या कॅमेऱ्याच्या चित्रफिती मिळाल्या आणि तिसऱ्या कामाची तपासणी मालक विक्रीपूर्वी स्वतःच्या खर्चाने करून देणार आहेत.

यंत्रबदलीचा खर्च आणि यार्डाचे भाडे धरल्यावर नफा बराच खाली आला. मी तो हिशेब मालकांसमोर ठेवला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी भाड्याचा आकडा स्वतःच पेन्सिलने वाढवला. पट तीच ठेवून कमी झालेल्या नफ्यावर किंमत ठरली आहे. तिचा चौथा हिस्सा ९ कामे संपेपर्यंत त्रयस्थाकडे राहील, आणि मालक १८ महिने माझ्याबरोबर निविदा भरतील. बँकेने हमीसाठी माझे घर तारण मागितले आहे. त्यावर घरी अजून बोलणे चालू आहे आणि तोवर सही करणार नाही.

जुना_मुकादम यांनी दर कोण ठरवते हे विचारायला सांगितले होते. मी विचारले, तेव्हा मालकांनी कपाटातून ११ डायऱ्या काढल्या. प्रत्येक कामाच्या पानावर चराचा आडवा छेद पेन्सिलने काढलेला आहे आणि कडेला नोंदी आहेत: '२.४ मीटरवर कठीण खडक, ब्रेकर ३ दिवस', 'डाव्या बाजूने पाणी, २ पंप कमी पडले', 'नकाशात केबल १ मीटरवर, प्रत्यक्षात ०.४'. या डायऱ्या विक्रीच्या कोणत्याही यादीत नव्हत्या. त्या आता करारमदारांच्या सल्ल्याने मालमत्तेच्या परिशिष्टात लिहिल्या आहेत, आणि रोज संध्याकाळी साइटवरून आल्यावर मी मालकांसमोर बसून एकेक पान नकाशावर उतरवतो आहे. सध्या तिसरी डायरी चालू आहे.